वैद्याची गरज वैद्यानेच लिहावी : संगणक प्रणालीसाठी 'युजर स्टोरी' व 'युज केस' यांचा व्यावहारिक परिचय

प्रस्तावना

चिकित्सालयात संगणक असणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. रुग्णनोंद, औषधसाठा, बिल व कराचा हिशेब ही कामे लहान गावांतही संगणकावर होऊ लागली आहेत. तथापि प्रणाली विकत घेतल्यावर काही महिन्यांतच तिचा उपयोग केवळ बिल छापण्यापुरता उरावा आणि केसपेपर पुन्हा वहीत लिहिला जावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. अशा वेळी दोष प्रणाली तयार करणाऱ्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः आपल्याला नेमके काय हवे, हे त्याला पुष्कळदा कोणी नीट सांगितलेलेच नसते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. सर्वसाधारण दवाखान्यासाठी केलेल्या प्रणालीत औषध लिहिण्याची चौकट बहुधा 'सकाळ-दुपार-रात्र' एवढीच असते. सुश्रुतसंहितेत औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. त्यांपैकी प्राग्भक्त, मध्यभक्त, सामुद्ग, ग्रास, ग्रासान्तर हे या तीन रकान्यांत कोठे बसवावेत? अनुपानाला स्वतंत्र जागा नसते, पथ्यापथ्यालाही नसते. सुरुवातीला वैद्य या गोष्टी 'शेरा' या रकान्यात लिहितो. गर्दीच्या दिवशी ते राहून जाते. पुढे त्या केवळ तोंडी सांगितल्या जातात आणि अखेर नोंदीतून नाहीशा होतात. पुढच्या भेटीत औषधाचा गुण का आला नाही, याचा विचार करताना अनुपान कोणते दिले होते हेच समोर नसते. प्रणालीसाठी जे मागितले नाही, ते चिकित्सेतूनही हळूहळू गळून पडते. म्हणून मागणी लिहिण्याचे काम संगणकतज्ज्ञावर सोपवून चालणार नाही. ते वैद्याचे व औषधालय-चालकाचे स्वतःचे कर्तव्य आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

पूर्वपीठिका

वापरणाऱ्याची गरज कशी टिपावी, यासाठी संगणकशास्त्रात दोन पद्धती विशेष रूढ आहेत. पहिली 'युज केस', म्हणजे वापर-प्रसंगाचे क्रमवार वर्णन. स्वीडनमधील इव्हार जेकबसन यांनी एरिक्सन कंपनीत दूरध्वनी यंत्रणांवर काम करताना ही कल्पना मांडली व १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा विस्तार केला. दुसरी 'युजर स्टोरी', म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडची एक लहानशी मागणी. अमेरिकेतील केंट बेक यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ही पद्धती सर्वत्र पोहोचली. रॉन जेफरीज यांनी २००१ साली तिची तीन अंगे सांगितली : कार्ड, संभाषण व खात्री. मागणी एका लहान कार्डावर मावेल एवढी असावी, तिच्यावर वापरणारा व करणारा यांचे बोलणे व्हावे, आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ठरवायचे ते आधीच निश्चित असावे, असा त्याचा भावार्थ.

प्रश्नपरीक्षा : मागणीमागील हेतू

'दर्शन, स्पर्शन, प्रश्न' ही त्रिविध परीक्षा आपण रोज करतो. मागणी टिपतानाही तोच क्रम उपयोगी पडतो. दर्शन म्हणजे औषधालयातील काम प्रत्यक्ष उभे राहून पाहणे. प्रश्न म्हणजे प्रत्येक कृतीमागील कारण विचारणे. स्पर्शन म्हणजे प्रणाली तयार होण्यापूर्वीच तिचे पडदे कागदावर रेखाटून ते सहाय्यकाच्या हाती देणे आणि तो कोठे अडखळतो ते पाहणे.

रुग्ण येऊन 'मला झोपेचे औषध द्या' म्हणतो, तेव्हा आपण लगेच औषध देत नाही. निद्रानाशाचा हेतू शोधतो. औषधालय-चालक 'मला बारकोडचे यंत्र हवे' म्हणतो, तेव्हाही असेच करावे. का हवे, असे विचारता उत्तर येते की औषध देताना वेळ जातो. कोठे जातो, असे विचारता कळते की एकाच चूर्णाचे दोन-तीन डबे उघडे असतात व त्यांतील आधीचा कोणता हे शोधावे लागते. डब्यातून काढून बांधलेल्या पुडीवर बारकोड नसतोच. खरी गरज यंत्राची नसून 'उघडलेला डबा कोणता व तो कधी उघडला' या नोंदीची आहे. मागणीत यंत्राचे नाव लिहिले असते, तर पैसा खर्च होऊनही अडचण तशीच राहिली असती.

युजर स्टोरी : रचना व उदाहरणे

युजर स्टोरीत तीन गोष्टी असाव्यात : मी कोण, मला काय हवे, आणि कशासाठी. तिसरा भाग पुष्कळ लोक गाळतात. परंतु तोच सर्वांत महत्त्वाचा होय. कारण कळले, तर करणारा त्याहून सोपा उपायही सुचवू शकतो.

उदाहरणासाठी भोर तालुक्यातील किकवी येथील एखादे चिकित्सालय व त्याला जोडून असलेले औषधालय डोळ्यांसमोर आणावे. पुणे-सातारा महामार्गावरील हे गाव. दक्षिणेस नीरा नदी ओलांडली की शिरवळचा कारखान्यांचा परिसर लागतो, तर पश्चिमेस भोर-वेल्ह्याचा भातशेतीचा डोंगराळ मुलूख पसरला आहे. अशा ठिकाणी कारखान्यातील पाळीवर जाणारा कामगार, भातलावणीत दिवसभर चिखलात उभी राहणारी शेतकरी स्त्री आणि वाटेत थांबलेला प्रवासी असे भिन्न दिनचर्येचे रुग्ण एकाच बाकावर बसलेले असू शकतात. त्यांच्या चिकित्सेतून पुढील मागण्या उभ्या राहतात.

१. मी चिकित्सक आहे. मला औषधसेवनकाल घड्याळाशी न जोडता भोजनाशी जोडून लिहिता यावा. कारण रात्रपाळीच्या कामगाराचे 'सकाळचे जेवण' हे त्याच्या झोपेपूर्वीचे जेवण असते.

२. मी चिकित्सक आहे. मला प्रत्येक औषधासमोर अनुपान स्वतंत्रपणे निवडता यावे. कारण पुढील भेटीत औषध बदलावे की केवळ अनुपान, हे मला ठरवायचे असते.

३. मी औषध देणारा सहाय्यक आहे. गुडूची, गुळवेल, अमृता यांपैकी कोणत्याही नावाने शोधले तरी मला एकच द्रव्य दिसावे. कारण निरनिराळे वैद्य निरनिराळी नावे लिहितात.

४. मी रुग्ण आहे. मला औषध घेण्याची सूचना मोठ्या अक्षरांत व मराठीत छापून मिळावी. कारण घरी गेल्यावर कोणती पुडी कशाबरोबर घ्यायची, हे मला आठवत नाही.

५. मी औषधालयाचा मालक आहे. माझ्या सर्व नोंदी मला केव्हाही सर्वसामान्य तक्त्याच्या रूपात बाहेर काढता याव्यात. कारण विक्रेत्याने सेवा बंद केली, तरी रुग्णांचा इतिहास माझ्याजवळ राहिला पाहिजे.

तिसऱ्या मागणीत एक सूक्ष्म धोका आहे, तो संभाषणात उघड व्हावा लागतो. 'ब्राह्मी' या नावाने कोठे बाकोपा, तर कोठे मंडूकपर्णी व्यवहारात येते. येथे दोन नावे एका द्रव्याची नसून एक नाव दोन द्रव्यांचे आहे. पर्यायी नावे आपोआप एकत्र करणारी प्रणाली अशा ठिकाणी चूक करील. म्हणून पर्यायनामांची यादी वैद्यानेच तपासून द्यावी व संदिग्ध नावापुढे प्रणालीने 'कोणते?' असे विचारावे, अशी अट त्या कार्डाच्या मागे लिहावी.

अशा अटींनाच खात्रीच्या कसोट्या म्हणतात. पहिल्या मागणीच्या कसोट्या अशा लिहिता येतील : (अ) संहितोक्त दहाही काल यादीत आहेत; (आ) 'सामुद्ग' निवडल्यास रुग्णाच्या चिठ्ठीवर 'जेवणाच्या आरंभी व शेवटी' असे सोप्या मराठीत छापले जाते; (इ) एकाच रुग्णाला दोन औषधे दोन भिन्न कालांवर देता येतात. 'प्रणाली सोयीची असावी' ही कसोटी नव्हे, कारण ती तपासता येत नाही. 'जुन्या रुग्णाची मागील नोंद पाच सेकंदांत दिसावी' ही कसोटी होय.

चांगल्या युजर स्टोरीची सहा लक्षणे बिल वेक यांनी २००३ साली सांगितली. ती स्वतंत्र असावी, चर्चेस मोकळी असावी, वापरणाऱ्यास उपयुक्त असावी, तिला लागणाऱ्या श्रमाचा अंदाज करता यावा, ती लहान असावी आणि तपासता यावी. 'मला संपूर्ण औषधालय संगणकावर हवे' ही मागणी यांपैकी बहुतेक लक्षणांत उणी पडते.

युज केस : एका प्रसंगाचे संपूर्ण वर्णन

युजर स्टोरी गरज सांगते. परंतु जेथे क्रम चुकल्यास रुग्णाला अपाय होऊ शकतो, तेथे तेवढे पुरत नाही. तेथे युज केस लिहावी. पुढील नमुना पाहावा.

नाव : लिहिलेले औषध रुग्णास देणे.
मुख्य कर्ता : औषध देणारा सहाय्यक.
पूर्वस्थिती : वैद्याने औषधयोजना नोंदवून पूर्ण केली आहे.

मुख्य क्रम :
१. सहाय्यक रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक विचारून त्याची औषधयोजना उघडतो.
२. प्रणाली औषधे, मात्रा, काल, अनुपान व दिवस दाखविते.
३. प्रत्येक औषधासाठी प्रणाली आधी उघडलेला व मुदतीत असलेला डबा सुचविते.
४. सहाय्यक औषध मोजून पुड्या बांधतो व दिल्याची नोंद करतो.
५. प्रणाली साठ्यातून तेवढे वजन वजा करते व डब्याचा बॅच क्रमांक रुग्णाच्या नोंदीत लिहिते.
६. प्रणाली मराठी सूचनाचिठ्ठी व बिल छापते.
७. सहाय्यक चिठ्ठी वाचून दाखवितो व औषध हाती देतो.

पर्यायी क्रम :
३अ. सर्व डबे मुदतबाह्य आहेत : प्रणाली देणे थांबविते व वैद्यास कळविते. सहाय्यकास ही आडकाठी दूर करता येत नाही.
३आ. औषध शिल्लक नाही : प्रणाली पर्याय स्वतः ठरवीत नाही, योजना वैद्याकडे परत जाते.
४अ. योजनेत वत्सनाभयुक्त कल्प, उदाहरणार्थ त्रिभुवनकीर्ती रस, असून रुग्ण बालक वा गर्भिणी आहे : वैद्याने मात्रा पुन्हा पाहून संमती नोंदविल्याशिवाय पुढील पायरी उघडत नाही.
४आ. योजनेत सर्पगंधायुक्त कल्प आहे आणि रुग्ण रक्तदाबाची आधुनिक गोळी घेत असल्याचे खिडकीपाशी सांगतो : सहाय्यक ही माहिती नोंदवितो, देणे थांबते व रुग्णास वैद्याकडे पाठविले जाते.
६अ. वीज गेली आहे : सहाय्यक छापील कोऱ्या नमुन्यावर हाताने लिहितो, वीज आल्यावर तीच नोंद बॅच क्रमांकासह प्रणालीत चढविली जाते.
७अ. औषध नेण्यास नातेवाईक आला आहे : कोणाच्या हाती दिले ते नोंदविले जाते.

अंतिम स्थिती : रुग्णास योग्य औषध व लेखी सूचना मिळाली आहे, साठा व रुग्णनोंद एकमेकांशी जुळतात.

मुख्य क्रम कोणीही सांगू शकेल. युज केसचे खरे मोल पर्यायी क्रमांत आहे. ४आ हा प्रसंग ज्याने खिडकीपाशी अनुभवला आहे, त्यालाच तो सुचेल. प्रणाली लिहिणाऱ्या तरुणाला तो सुचणे कठीण. ५व्या पायरीतील बॅच क्रमांकही असाच. एखाद्या बॅचविषयी पुढे शंका आली, तर ते औषध कोणकोणत्या रुग्णांना गेले, हे त्या एका नोंदीवरून कळते. ती नसेल तर कोणालाच कळविता येत नाही.

औषधालय-चालकांसाठी काही विशेष मुद्दे

(क) मुदत : शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते असे म्हटले असून, आसव, धातू व रस जुने झाल्यावर अधिक गुणवान मानले आहेत. औषध नियमावलीच्या नियम १६१-ब नुसार चूर्णाची मुदत दोन वर्षे, तर आसव-अरिष्टांची दहा वर्षे आहे. दोन्हींचा मेळ घालायचा तर छापील मुदत, डबा उघडल्याचा दिनांक व वैद्याने स्वतः ठरविलेली मर्यादा असे तीन रकाने मागावेत.

(ख) विषद्रव्ये : औषध नियमावलीच्या अनुसूची इ(१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, कुपीलू, जयपाल आदी द्रव्यांची यादी आहे. ही खूण प्रत्येक कल्पासमोर घटकद्रव्यांवरून यावी. केवळ नावावरून नव्हे.

(ग) स्वनिर्मित औषधे : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास निर्मिती-परवान्याच्या अटीतून सूट आहे. अशा औषधाला कंपनीचा बॅच क्रमांक नसतो. तो नसल्यास नोंदच न स्वीकारणारी प्रणाली आपल्या कामाची नाही. निर्मितीचा दिनांक व द्रव्ये यांवरून स्वतःचा क्रमांक देण्याची सोय मागावी.

(घ) मान : खरेदी किलोत, योजना गुंजांत, देणे पुडीत, असा आपला व्यवहार. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीनुसार एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम. हे रूपांतर प्रणालीने करावे. गर्दीत सहाय्यकाने तोंडी हिशेब करू नये.

(ङ) कर : वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्के दरातील औषधे ५ टक्क्यांवर आली. दर बदलला की प्रणाली करणाऱ्याची वाट पाहावी लागू नये. दर व तो लागू होण्याचा दिनांक मालकास स्वतः भरता यावा.

निदान व संकेतांक

आयुष मंत्रालयाने २०१७ साली 'नमस्ते' हे संकेतस्थळ सुरू करून आयुर्वेदीय व्याधिनामांना प्रमाण संज्ञा व संकेतांक दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या नोंदी पुढे अभ्यासास उपयोगी पडाव्यात, अशी इच्छा असल्यास संकेतांकाची मागणी अवश्य लिहावी. मात्र क्रम उलटा होऊ देऊ नये. वैद्याने 'आमवात' असे निदान लिहावे व प्रणालीने संकेतांक सुचवावा. संकेतांक न सापडल्यास निदान लिहिण्यास अडथळा नसावा, ही कसोटी कार्डावर स्पष्ट लिहावी. अन्यथा यादीत जे आहे तेच निदान होऊ लागेल.

संभाषण कसे व्हावे

कार्ड लिहिल्यावर प्रणाली करणाऱ्याशी बोलणे आवश्यक आहे. ते साधारणपणे असे होते :

"डॉक्टर, मुदत संपलेले औषध यादीतून काढून टाकतो, चालेल ना?"

"काढू नका. देणे थांबवा, पण नोंद राहू द्या. कंपनीला परत पाठवेपर्यंत त्याचा हिशेब लागतो. आणि मागच्या महिन्यात ते कोणाला दिले, तेही मला पाहायचे असते."

"म्हणजे साठ्यात दिसेल, पण देताना दिसणार नाही?"

"बरोबर. ते कार्डाच्या मागे लिहून घ्या."

एका प्रश्नाने एक मोठा दोष टळला. हे बोलणे लेखी मागणीपत्र नुसते पाठवून देण्याने होत नाही. बोलण्यात सहाय्यकालाही बसवावे. दिवसभर प्रणाली तोच वापरणार असतो. तसेच रुग्णाची माहिती कोणी पाहावी व कोणी पाहू नये, हेही याच वेळी ठरवावे. सहाय्यकास औषधयोजना दिसणे आवश्यक आहे. रुग्णाचा संपूर्ण इतिवृत्तान्त दिसणे आवश्यक नाही.

स्वाध्याय

१. एक दिवस औषधालयात उभे राहून प्रत्येक कृती लिहून काढावी. कोणती कृती दोनदा होते, त्यावर खूण करावी.
२. चिकित्सक, सहाय्यक, मालक, रुग्ण व हिशेबनीस या प्रत्येकाच्या तोंडून तीन युजर स्टोरी लिहाव्यात. 'कशासाठी' हा भाग नसलेली मागणी बाजूला ठेवावी.
३. त्या पंधरांतून ज्यांत रुग्णास अपाय संभवतो त्या निवडाव्यात व त्यांची युज केस लिहावी. प्रत्येकीत किमान चार पर्यायी क्रम असावेत.
४. उरलेल्या मागण्या 'आजच हवे', 'वर्षभरात हवे' व 'असल्यास बरे' अशा तीन गटांत लावाव्यात.
५. विक्रेता तयार प्रणाली दाखविण्यास आल्यास ही कार्डे समोर ठेवून एकेक कसोटी त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी. 'होईल' हे उत्तर 'होते' असे मानू नये.

उपसंहार

प्रणाली नवी करून घ्यायची असो वा तयार विकत घ्यायची असो, ही कार्डे दोन्ही वेळी उपयोगी पडतात. त्यांना खर्च कागदाचा व चार संध्याकाळचा. अनुपान, काल, पथ्य व बॅच या नोंदी आपल्या चिकित्सेचा भाग आहेत, हे संगणक स्वतः होऊन जाणत नाही. ते आपण सांगावे लागते. युज केस व युजर स्टोरी या पद्धतींची नावे परकी असली, तरी त्यांतील विचारणा आपल्या नित्य सवयीची आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालय-चालकांनी पुढील खरेदीपूर्वी निदान दहा कार्डे लिहून पाहावीत, ही विनंती.